मिनी पीसीला बाहेरून ग्राफिक्स कार्ड: जोडण्याआधी करंटचा हिशेब

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा स्टुडिओ असो, ऑनलाइन फॉर्म भरून देणारे झेरॉक्सचे दुकान असो, नाहीतर घरातला अभ्यासाचा टेबल असो. मोठ्या कॅबिनेटच्या जागी आता जेवणाच्या डब्याएवढा मिनी पीसी ठेवता येतो. जागा कमी, आवाज कमी, आणि सीमाभागात सगळ्यात कामाचे म्हणजे वीज कमी. करंट गेला तरी घरच्या इन्व्हर्टरवर तो तासन्‌तास चालतो. साध्या कामाला साधारण १५ ते २० वॅट, म्हणजे एका जुन्या ट्यूबलाइटच्या निम्मे.

अडचण येते ती जड काम काढल्यावर. फोर-केचा व्हिडिओ, थ्री-डीचे काम, नवे गेम, किंवा हल्ली सगळेजण ज्याबद्दल बोलतात ते एआय. यासाठी ग्राफिक्स कार्ड लागते, आणि मिनी पीसीच्या डब्यात ते बसवायला जागाच नसते. मग प्रश्न येतो की कार्ड बाहेर ठेवून जोडता येईल का? येते. पण कोणत्या पीसीला, कोणत्या वायरने, आणि मुख्य म्हणजे कोणत्या विजेवर, हे आधी ठरवले नाही तर पैसे टेबलावर पडून राहतात.

कार्ड बाहेर, म्हणजे नेमके काय

ग्राफिक्स कार्ड एरवी मदरबोर्डावरच्या लांब खाचेत बसते. त्या खाचेतून त्याला दोन गोष्टी मिळतात, एक माहितीची ये-जा आणि दुसरी थोडीशी वीज. ती खाच जास्तीत जास्त ७५ वॅट देते, बाकीची वीज एसएमपीएसमधून वेगळ्या वायरने येते. कार्ड बाहेर काढायचे म्हणजे या दोन्ही गोष्टी बाहेर न्यायच्या. त्यासाठी एक डॉक लागतो. डॉक म्हणजे खाच असलेली छोटी पाटी. त्यावर कार्ड उभे राहते, शेजारी स्वतंत्र एसएमपीएस असतो, आणि डॉकपासून मिनी पीसीपर्यंत एक वायर जाते.

सगळी भानगड त्या एका वायरीत आहे. बाजारात तिचे मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

पहिला थंडरबोल्ट किंवा यूएसबी-४. दिसायला मोबाइलच्या टाइप-सी चार्जरसारखी वायर. वेग ४० गिगाबिट लिहिलेला असतो, पण त्यातला कार्डाच्या वाट्याला प्रत्यक्षात ३२ किंवा त्याहून कमीच येतो. फायदा असा की संगणक चालू असतानाही ही वायर लावता-काढता येते, आणि लॅपटॉपलाही तोच डॉक चालतो. इथे एक फसगत नेहमी होते. टाइप-सीचे भोक दिसले म्हणजे थंडरबोल्ट असतेच असे नाही. बऱ्याच स्वस्त पीसीत ते भोक फक्त पेनड्राइव्ह आणि चार्जिंगपुरते असते. भोकाशेजारी विजेची खूण किंवा ४० हा आकडा आहे का ते बघा, नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा. दुकानदाराच्या ‘होतं, होतं’ यावर जाऊ नये.

दुसरा ऑक्युलिंक. ही वायर सर्व्हरच्या दुनियेतून आली. मिनी पीसीच्या मागे तिचे बारीक आयताकृती तोंड असते, आणि ते सगळ्या मॉडेलांना नसते. वेग चांगला, चौथ्या पिढीच्या चार लेन म्हणजे ६४ गिगाबिट, सेकंदाला जवळपास ८ जीबी. मधे रूपांतर करणारी चिप नसल्याने माहिती थेट जाते. पण संगणक चालू असताना ही वायर ओढायची नाही, लावायचीही नाही.

तिसरा प्रकार जुगाडाचा. पीसीच्या आत एसएसडी बसते ती एम.२ची खाच असते, तिथून अडॅप्टर लावून वायर बाहेर काढायची. इंटेलचा एन१०० हा प्रोसेसर असलेले स्वस्त मिनी पीसी थंडरबोल्टही देत नाहीत आणि ऑक्युलिंकही सहसा देत नाहीत, त्यांना हाच रस्ता उरतो. यात दोन गोष्टी तपासाव्या लागतात. ती खाच एनव्हीएमईची आहे की फक्त साटाची? साटाची असेल तर विषय संपला. आणि खाच एकच असेल, तिच्यात विंडोज असलेली एसएसडी बसलेली असेल, तर ती कुठे हलवणार? झाकणाला भोक पाडून वायर बाहेर काढल्यावर पीसीची वॉरंटी गेली असे धरून चालावे.

याहून छोट्या संगणकावरही हा प्रयोग झाला आहे. अमेरिकेतले जेफ गीरलिंग यांनी २०२४ मध्ये रास्पबेरी पाय ५ या पत्त्याच्या कॅटएवढ्या बोर्डाला एएमडीचे मोठे कार्ड जोडून चालवून दाखवले. त्या बोर्डावर बाहेर काढलेली लेन एकच, तिचा अधिकृत वेग सेकंदाला अर्धा जीबी. त्यासाठी लिनक्सच्या मूळ कोडमध्ये बदल करावे लागले. हौस म्हणून ते बघण्यासारखे आहे. दुकान चालवायला त्याचा उपयोग नाही.

अरुंद वाट कुणाला टोचते

मोठ्या कॅबिनेटमध्ये कार्डाला १६ लेन मिळतात, बाहेर फक्त ४. मग कार्डाची ताकद एक चतुर्थांश होते का? तसे नाही. वाट अरुंद झाली की जाण्या-येण्यात वेळ जातो, पण पोचल्यावर काम पूर्ण ताकदीनेच होते. म्हणून तोटा किती, हे कामावर अवलंबून आहे.

गेममध्ये प्रोसेसर आणि कार्ड सारखे एकमेकांशी बोलत असतात, तिथे फरक जाणवतो. कार्ड जितके महाग तितका तोटा जास्त. म्हणून मिनी पीसीला सगळ्यात मोठे कार्ड लावणे म्हणजे गल्लीत ट्रक घालणे. व्हिडिओ एडिटिंगमध्ये मधले चित्र. एआयचे मात्र वेगळे आहे. तिथे मॉडेलची फाइल एकदा कार्डाच्या मेमरीत चढली की पुढची ये-जा अगदी थोडी, काही ओळींची. १० जीबीचे मॉडेल ऑक्युलिंकवरून दीड-दोन सेकंदांत चढत असेल तर अर्ध्या जीबीच्या एकाच लेनवरून वीसेक सेकंद घेईल. नंतर दोघांचा वेग जवळपास सारखा. म्हणूनच एआयसाठी कार्ड घेताना वेगाचे आकडे बाजूला ठेवून मेमरी बघावी. २०२१ मध्ये आलेले १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० या कामात ८ जीबीच्या नव्या आरटीएक्स ४०६० पेक्षा कधी कधी जास्त उपयोगी पडते, ते यामुळेच. मॉडेल मेमरीत मावलेच नाही तर वेग असून काय करायचा?

लग्नाच्या व्हिडिओवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. नव्या कॅमेऱ्यांतले १०-बिट ४:२:२ प्रकारचे फुटेज टाइमलाइनवर अडकते, तेव्हा दोष कार्डाच्या आकाराचा नसतो. ते फुटेज उलगडायची सोय एनव्हिडियाने आरटीएक्स ५० मालिकेपासून दिली. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या कोअर प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समध्ये ती आधीपासून आहे. तेव्हा तसा मिनी पीसी हाताशी असेल तर कार्डावर पैसे घालण्याआधी एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इंटेलची सोय चालू आहे का तेवढे बघावे. काहींचा खर्च इथेच वाचेल.

सीमाभागात हे कशासाठी

गेम आणि व्हिडिओ सगळीकडेच आहेत. पण औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत एक काम असे आहे, जे लातूर-सोलापूरला कुणाच्या डोक्यात येणार नाही. शिवेच्या अलीकडे सातबारा, पलीकडे पहाणी. सातबारा मराठीत, पहाणी कन्नडमध्ये. कर्नाटकच्या ‘भूमी’ प्रकल्पात २००० च्या सुमारास जमिनीच्या नोंदी संगणकावर आल्या, उतारा पटकन मिळू लागला, पण मराठी शाळेत शिकलेल्या घराला तो वाचायला शेजारी जावे लागते. तहसीलची नोटीस, बँकेचे पत्र, योजनेचा अर्ज, सगळ्याचे तेच. फोटो काढून मोबाइलच्या ॲपवर टाकला की काम होते, हे खरे. पण त्या कागदावर सर्व्हे नंबर असतो, वाटण्या असतात, कधी आधार क्रमांक असतो. दिवसाला शंभर लोकांचे कागद हाताळणाऱ्या केंद्राने ते सगळे कुणाच्या तरी सर्व्हरवर पाठवावेत का, हा प्रश्न साधा नाही.

हे काम आता स्वतःच्या टेबलावर, इंटरनेट बंद ठेवून करता येते. आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ या गटाने २०२३ मध्ये ‘इंडिकट्रान्स२’ हे भाषांतराचे मॉडेल सगळ्यांसाठी मोकळे केले. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषा त्यात आहेत, म्हणजे मराठी, कन्नड आणि उर्दू तिन्ही आल्या. त्याची मोठी आवृत्ती सुमारे १०० कोटी पॅरामीटरची आहे, ६ जीबीच्या कार्डातही आरामात बसते. छापील कन्नड कागदावरची अक्षरे ओळखायला ‘टेसरॅक्ट’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याला कार्ड लागतच नाही. ते प्रोसेसरवर चालते.

बोलणे लिहून काढायचे असेल, म्हणजे ग्रामसभेचे रेकॉर्डिंग, मुलाखत, एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या आठवणी, तर ओपनएआयचे ‘व्हिस्पर’ २०२२ पासून मोफत आहे आणि त्यात मराठी-कन्नड दोन्ही आहेत. त्याच्या मोठ्या मॉडेलला सुमारे १० जीबी मेमरी लागते, म्हणून १२ जीबीचे कार्ड. मजकूर कच्चा येतो, हाताने सुधारावा लागतो. एकाच वाक्यात मराठी, कन्नड आणि दखनी आली की यंत्र गडबडते, आणि आपल्याकडे ती तशीच येते.

भाषांतरातही विश्वास टाकायचा तो अर्थ कळण्यापुरता. नावे, गट-सर्व्हे नंबर, एकर-गुंठे आणि तारखा मूळ कागदावरून डोळ्यांनी ताडून बघाव्यात. यंत्राने केलेला मजकूर कोर्टात किंवा नोंदणीला दाखवायचा कागद नव्हे. निजामाच्या काळातले हाताने लिहिलेले उर्दू कागद ज्यांच्या घरी आहेत त्यांनी तर यातून फार आशा धरू नये, त्याला अजून जाणता माणूसच लागतो.

आता स्पष्ट सांगायचे तर दिवसाला दोन-चार पत्रे असतील तर कार्ड घ्यायची गरज नाही. इंडिकट्रान्स२ची छोटी आवृत्ती नुसत्या प्रोसेसरवर चालते, एका पानाला थोडा वेळ घेते एवढेच. कार्डाचा उपयोग शेकडो पानांच्या गठ्ठ्याला, तासांच्या रेकॉर्डिंगला.

खरा प्रश्न विजेचा

इथे दुसरी शंका येते. एवढे करायचे तर सरळ मोठा डेस्कटॉप का नको? शून्यातून सुरुवात करणाऱ्याला उत्तर असे की डेस्कटॉपच घ्यावा. तेवढ्याच पैशात तो जास्त काम देतो, आणि दुरुस्ती कुठल्याही तालुक्याच्या गावी होते. बाहेरचे कार्ड शोभते ते दोघांना. ज्यांच्याकडे चांगला मिनी पीसी आधीच आहे त्यांना, आणि ज्यांच्याकडे करंटचा भरवसा नाही त्यांना.

कारण असे. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी बहुतेक १२ व्होल्ट, १५० एएचची असते. कागदावर १८०० वॅट-तास. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण उपसता येत नाही, इन्व्हर्टरही थोडी वीज खातो, हाताशी येतात साडेआठशे-नऊशे. मिनी पीसी आणि मॉनिटर मिळून ४०-५० वॅट घेत असतील तर दिवसभराचे काम निघते. आरटीएक्स ३०६० पूर्ण जोरात १७० वॅट घेते. त्यात पीसी, मॉनिटर आणि मधली गळती धरली की आकडा ३०० च्या जवळ जातो. म्हणजे तीन तासांच्या आत बॅटरी खाली, तीही नवी असेल आणि पंखे बंद ठेवले तर. कार्ड वेगळे असल्याचा फायदा हाच. करंट असताना जड काम, करंट नसताना कार्ड बंद ठेवून पीसीवर फॉर्म, टायपिंग, बिले. मोठ्या डेस्कटॉपला असे अर्धे बंद करता येत नाही.

पण याच फायद्यात सगळ्यात मोठी चूक दडलेली आहे. पीसी इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आणि डॉक साध्या लाइनवर लावला, तर करंट गेल्या क्षणी पीसी चालू राहतो आणि कार्ड एकदम गायब होते. संगणकाच्या दृष्टीने चालत्या माणसाचा पाय काढून घेतल्यासारखे. निळा पडदा येतो किंवा सगळे जागीच गोठते, चालू काम जाते, कधी ड्रायव्हरही बिघडतो. म्हणून दोन्ही एकाच बॅकअपवर हवेत. डॉक इन्व्हर्टरवर चालवायचा तो तास-दोन तासांसाठी नाही, चालू काम सेव्ह करून नीट बंद करायला पाच मिनिटे मिळावीत एवढ्यासाठी. घरचा इन्व्हर्टर आधीच पंख्या-दिव्यांनी भरलेला असेल तर डॉक आणि पीसी दोन्हींना मिळून १००० व्हीएचा वेगळा यूपीएस घ्यावा. ६०० व्हीएचा यूपीएस आकड्यात पुरल्यासारखा वाटतो, पण कार्डाची मागणी क्षणभर उसळते तेव्हा तो कटऑफ होतो.

इन्व्हर्टर कोणता, तेही बघावे. जुने स्क्वेअर वेव्हचे इन्व्हर्टर पंख्याला चालतात (गुणगुण करत का होईना), पण चांगल्या एसएमपीएसशी त्यांचे जमत नाही. प्युअर साइन वेव्हच हवा. मागे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असे बटण असेल तर ते यूपीएसवर ठेवावे. करंट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या दमावर सेकंदाच्या साठाव्या भागापुरता तग धरतो, इको मोडवर इन्व्हर्टरला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. यात उलटी अडचण अशी की यूपीएस मोडला व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलेले चालत नाही. संध्याकाळी जिथे व्होल्टेज पडते, त्या गावात इन्व्हर्टर लाइन असूनही सारखा बॅटरीवर जाईल. तिथे आधी स्टॅबिलायझर, मग कार्ड.

अर्थिंगचे तर बोलायलाच नको. मिनी पीसीचा अडॅप्टर बहुधा दोन पिनांचा, एसएमपीएसची वायर तीन पिनांची. दोन्ही वेगवेगळ्या बोर्डात लावले आणि एका बोर्डाची अर्थिंग मेलेली असली, तर फरकाचा करंट त्या नाजूक वायरीतून वाट काढतो. डॉकच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर हीच खूण. दोन्ही प्लग एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डात घालावेत आणि वायरमनकडून घराची अर्थिंग एकदा तपासून घ्यावी. जुन्या वाड्यांत तिसरे भोक नुसते शोभेला असते.

बिलाचाही एक विचार आहे. ३०० वॅट रोज सहा तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ४५ युनिट. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा फक्त वाढीव खर्च. कर्नाटकात २०२३ पासून ‘गृहज्योती’ आहे. ज्या घराला त्यातून शून्य बिल येते, तिथे मोफत युनिट आधीच्या सरासरी वापरावर ठरलेले असतात. त्यावरच्या युनिटचे पैसे पडतात, आणि २०० ओलांडले की त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागते. १६०-१७० युनिट वापरणाऱ्या घरात हे कार्ड रोज चालले तर काय होईल, ते ज्याने त्याने मोजावे.

जोडणी

ऑक्युलिंकचा डॉक धरून क्रम सांगायचा तर असा. सगळे बंद, प्लगही काढलेले. कार्ड डॉकच्या खाचेत सरळ दाबून बसवायचे, टक् असा आवाज येतो. पुढच्या बाजूचा स्क्रू आवळायचा, नाहीतर जड कार्ड एका बाजूला झुकते. एसएमपीएसची २४ पिनांची वायर डॉकला, ६ किंवा ८ पिनांची वायर कार्डाला. ८ पिनांची एक वायर १५० वॅट देते, ६ पिनांची ७५. प्रोसेसरसाठीची ८ पिनांची वायरही एसएमपीएसमधून येते आणि दिसायला तशीच असते. ती कार्डात कोंबायची नाही. आकार जुळत नसेल तर जोर लावू नका, चुकीची आहे. आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे मॉडेल ७० वॅटचे असल्याने त्याला ही वेगळी वायर लागत नाही, कमी विजेच्या घराला ते सोयीचे.

त्यानंतर डॉक ते पीसी वायर. ती अर्ध्या मीटरहून लांब घेऊ नये, वेगाने जाणारी माहिती लांब वायरीत खराब होते. मॉनिटरची एचडीएमआय वायर पीसीतून काढून कार्डाच्या मागे लावायची. ही गोष्ट खूप जण विसरतात. वायर पीसीलाच राहिली तर चित्र कार्डातून परत त्याच अरुंद वाटेने उलटे येते आणि वेग मरतो.

चालू करताना आधी डॉकचा एसएमपीएस, कार्डाचे पंखे किंवा दिवा हलला की मग पीसी. बंद करताना उलटे. विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, कारण त्यात पीसी पूर्ण बंद होत नाही आणि पुढच्या वेळी कार्ड ओळखायला चुकतो. स्लीपही टाळलेली बरी. मग कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर. शेवटी डिस्प्ले सेटिंगच्या ग्राफिक्स पानावर जाऊन कोणत्या सॉफ्टवेअरने मोठे कार्ड वापरायचे ते एकेकाला नेमून द्यावे.

कार्ड दिसत नाही, तर

पंखे फिरतात पण विंडोजला कार्ड दिसत नाही, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. पहिला संशय वायरीवर घ्यावा, दोन्ही टोके काढून परत बसवावीत. मग पीसीच्या बायोसमध्ये जाऊन ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ चालू आहे का बघावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळी खूण आणि ‘कोड १२’ दिसत असेल तर बहुधा तेच कारण. इंटेलचे आर्क कार्ड असेल तर ‘रीसाइजेबल बार’ ही सोयही चालू हवी, त्याशिवाय ते कार्ड निम्म्या जिवाने चालते. म्हणून जुन्या मिनी पीसीला आर्क घेऊ नये.

कार्ड दिसते, पण काम करता करता मधेच अडकते? बायोसमध्ये त्या खाचेचा वेग चौथ्या पिढीवरून तिसऱ्यावर उतरवून बघा. वेग अर्धा होतो, पण मध्यम वायरीवर स्थिर चालतो, आणि एआयच्या कामात ते कळतही नाही. वेग नेमका किती मिळतोय हे ‘जीपीयू-झेड’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दिसते. आकडा कार्डावर भार असतानाच वाचावा, रिकामे असताना ते मुद्दाम हळू जाते.

आणि उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये कलबुरगीत पारा चाळिशी ओलांडून बराच वर जातो, पत्र्याच्या दुकानात त्याहून जास्त. एनव्हिडियाचे कार्ड ८३ अंशांच्या आसपास स्वतःचा वेग उतरवू लागते, त्यात खोलीच ४० ची असेल तर किती मोकळीक उरली? जड काम पहाटे किंवा रात्री लावावे. सॉफ्टवेअरमधून कार्डाची वीजमर्यादा ७०-८० टक्क्यांवर आणली तर वेग थोडासाच कमी होतो आणि उष्णता बरीच. डॉक उघडा असल्याने हवा चांगली लागते, पण धूळही लागते. तूरडाळीच्या मिलजवळ दुकान असेल तर महिन्यातून एकदा ब्लोअर मारावा लागेल. उघड्या डॉकवर पाल चढते, उंदीर वायर कुरतडतो. भोवती बारीक जाळी लावून घेतलेली चांगली, कापड टाकून झाकू नये.

घ्यायचे कुठून

मिनी पीसी आणि कार्ड कुठेही मिळते, डॉक मात्र बहुतेक चीनमधून येतो. अलीएक्सप्रेसवर भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे इथल्या ऑनलाइन विक्रेत्यांकडून घ्यावा लागतो आणि भाव चढा पडतो. परत घेण्याची मुदत किती दिवस ते वाचूनच ऑर्डर द्यावी. डॉक आल्या दिवशीच जोडून बघावा, मुदत संपेपर्यंत खोक्यात ठेवू नये.

बिदरवाल्यांना बाजारपेठ म्हणून बंगळूरच्या एसपी रोडपेक्षा सिकंदराबादचे चेनॉय ट्रेड सेंटर जवळ. हैदराबाद सुमारे १४० किलोमीटर, सकाळी जाऊन रात्री परत. मराठी-कन्नड दोन्ही बाजूला ठेवून तिथे दखनीत भाव करावा. बिल घेताना मात्र भान ठेवावे. कर्नाटकात जीएसटी नंबर असलेल्या दुकानदाराने हैदराबादेत माल घेतला आणि बिलावर तेलंगणाचा एसजीएसटी लागला, तर त्याचे क्रेडिट इथे मिळत नाही. आपला नंबर देऊन बिल आयजीएसटीचे करता येईल का हे पैसे देण्याआधीच विचारावे. उदगीर-लातूरच्या व्यापाऱ्यालाही हाच नियम.

जुने कार्ड घेणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवरचे मायनिंग बंद पडले आणि महिनोन्‌महिने रात्रंदिवस तापलेली कार्डे सेकंडहँड बाजारात आली. आरटीएक्स ३०६० त्याच काळातले. मायनिंगला वापरलेले म्हणजे वाईटच असे नाही, पण पंख्याचा आवाज, मागच्या पत्र्यावरचे तेलकट डाग आणि बिलावरचा सिरीयल नंबर बघावा. दुकानातच अर्धा तास पूर्ण भारावर चालवून घ्यावे. त्याला विक्रेता तयार नसेल तर दुसरे दुकान बघावे. वॉरंटी किती उरली आणि कार्ड बिघडल्यावर ते कोणत्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला पाठवावे लागेल, हे बिलामागे लिहून घेतलेले बरे. कुरियरचा खर्च आणि तीन-चार आठवडे कार्डाशिवाय काढायची तयारी ही किमतीतच धरावी, कारण तोवर काम परत त्या डब्याएवढ्या पीसीवरच येणार.